घोरणाऱ्याची निद्रापरीक्षा

लखनौचे नाव काढताच मराठी वाचकास तेथील नबाबी वास्तू आठवतात, किंवा १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या प्रयत्नाने तेथे स्थापन झालेले संगीत महाविद्यालय आठवते. ह्याच नगराच्या दक्षिण भागात आलमबाग ही वस्ती आहे. नबाब वाजिद अली शाह ह्याने आपल्या बेगमेसाठी बांधविलेल्या वास्तूवरून तिला हे नाव पडले. आज तेथे रेल्वेचे डबे दुरुस्त करण्याचा कारखाना आहे, एंजिनांची शेड आहे, कानपूरकडे जाणारा हमरस्ता आहे, मोठे बसस्थानक आहे आणि २०१७ पासून मेट्रोचे स्थानकही आहे. अशा वस्तीत अनेकांचे पोट वाहनावर चालते. ज्याच्या हाती रात्री चाळीस-पन्नास उतारूंचा जीव सोपविलेला असतो, त्याची झोप ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही.

अशा एखाद्या चालकास “झोप कशी होते?” असे विचारले, तर “उत्तम; पडल्याबरोबर घोरू लागतो,” असे उत्तर मिळण्याचा संभव पुष्कळ. घोरणे ही गाढ झोपेची खूण होय, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. कुंभकर्णाचे चित्र तीच दृढ करते. शरीरशास्त्राची साक्ष मात्र निराळी आहे.

नाकामागून स्वरयंत्रापर्यंत जाणाऱ्या घशाच्या मार्गास हाडाची भक्कम चौकट नसते. जागेपणी स्नायूच तो उघडा धरून ठेवतात. झोपेत हे स्नायू सैल पडतात व मार्ग अरुंद होतो. त्यातून वेगाने जाणाऱ्या हवेने मृदू तालू आणि आसपासचा भाग थरथरतो, तेच घोरणे. कित्येकांच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावरच थांबते. काहींचा मार्ग मात्र वारंवार पूर्ण मिटतो. छाती हवा ओढू पाहते, पण हवा आत येत नाही. रक्तातील प्राणवायू घटू लागतो, मेंदू क्षणमात्र जागा होतो, स्नायू ताठरतात आणि मोठ्या घरघरीसह श्वास पुन्हा सुरू होतो. ह्या विकारास निद्राश्वसनरोध म्हणता येईल. वैद्य त्यास स्लीप अॅप्निया म्हणतात. असे रात्रीतून शेकडो वेळा घडले, तरी सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. उरतो तो थकवा, डोकेदुखी आणि दिवसाची गुंगी. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास रक्तदाब वाढणे, हृदयाचा ठोका अनियमित होणे आणि पक्षाघात ह्यांच्याशी ह्या विकाराचा संबंध आढळतो.

तात्पर्य, झोपलेला मनुष्य स्वतःच्या झोपेचा साक्षी होऊ शकत नाही. पहिला साक्षीदार असतो शेजारी झोपणारा: घरातील पत्नी, अथवा कामावरील विश्रांतिगृहात बाजूच्या खाटेवरचा सहकारी. “हा मध्येच गप्प होतो, मग दचकून श्वास घेतो,” हे त्याचे सांगणे वैद्याच्या दृष्टीने मोलाचे असते. दुसरे साधन प्रश्नावलीचे. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स ह्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एपवर्थ प्रश्नावलीत आठ प्रसंग दिलेले आहेत: वाचत बसणे, तासभर मोटारीत प्रवासी म्हणून बसणे, जेवणानंतर स्वस्थ बसणे इत्यादी. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, ह्यास शून्य ते तीन गुण द्यावयाचे. चोविसांपैकी दहाहून अधिक गुण झाल्यास दिवसाची गुंगी प्रमाणाबाहेर आहे, असे मानतात. तथापि गुंगी अंगवळणी पडलेला मनुष्य ती ओळखत नाही आणि नोकरीच्या धास्तीने कोणी ती लपवितोही. म्हणून तिसऱ्या, निःपक्षपाती साक्षीदाराची गरज पडते. तो म्हणजे निद्रापरीक्षा.

ह्या परीक्षेमागे अनेक शोध उभे आहेत. जर्मनीतील हान्स बर्गर ह्यांनी १९२४ साली मानवी मेंदूतील विद्युत्‌तरंगांची नोंद घेतली. जपानमधील ताकुओ आओयागी ह्यांनी १९७४ साली नाडीच्या स्पंदनांवरून प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील प्राणवायू मोजण्याचे तत्त्व मांडले. आज रुग्ण एक रात्र निद्रा-प्रयोगशाळेत झोपतो. डोक्यावरील तारा मेंदूचे तरंग टिपतात. डोळे, हनुवटी, पाय व हृदय ह्यांच्या नोंदी होतात. नाकापुढील नळी हवेचा प्रवाह मोजते. छाती व पोट ह्यांवरील पट्टे श्वासाची धडपड दाखवितात आणि बोटावरील चिमटा प्राणवायू मोजतो. पट्टे हलत आहेत पण नाकाशी हवा नाही, असे दिसले तर वाट मिटलेली आहे. दोन्हीकडे सामसूम असेल, तर मेंदूकडून श्वासाची आज्ञाच निघालेली नाही. दोहोंचे उपचार भिन्न असल्याने हा भेद महत्त्वाचा असतो.

ही नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. आठ तासांत असे ९६० तुकडे होतात. निदान दहा सेकंद टिकणारे श्वासाचे खंड आणि श्वास लक्षणीय उथळ झाल्याचे प्रसंग मोजून, त्यांच्या संख्येस झोपेच्या तासांनी भागतात. प्रौढांत हा अंक पाचाहून कमी असल्यास तो सर्वसाधारण होय. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसापुढे तीव्र.

लहानसे यंत्र घरी नेऊनही परीक्षा करता येते; ती स्वस्त व सोयीची पडते. परंतु तीत बहुधा मेंदूचे तरंग नोंदले जात नाहीत. म्हणून झोप किती तास लागली हे नक्की कळत नाही. समजा, एका चालकास सहा तासांच्या झोपेत ९६ प्रसंग आले. अंक झाला सोळा, म्हणजे मध्यम विकार. घरचे यंत्र मात्र अंथरुणातील पूर्ण आठ तास धरील आणि अंक बारा, म्हणजे सौम्य, दाखवील. यास्तव लक्षणे ठळक असता घरची परीक्षा निर्दोष आली, तरी वैद्य प्रयोगशाळेतील परीक्षा सुचवितात.

तरीही घरच्या परीक्षेने मोठे काम केले आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी ह्यांनी पस्तीस ते पासष्ट वर्षांच्या, वरकरणी निरोगी पुरुषांची निद्रापरीक्षा त्यांच्या घरीच केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनाचा दोष असावा आणि ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची गुंगीही असावी. हा विकार केवळ स्थूल माणसांचाच असतो असेही नाही. जबडा लहान असलेल्या सडपातळ व्यक्तीसही तो होतो. मुलांत बहुधा टॉन्सिल वा नाकामागील ग्रंथी वाढल्याने वाट अडते. रोज घोरणारे मूल वर्गात चंचल वा मंद वाटल्यास शिक्षकांनी पालकांना वैद्याकडे जाण्यास सुचवावे.

परीक्षेस जाताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात. केस धुवावेत, पण तेल लावू नये, कारण तेलाने तारा नीट चिकटत नाहीत. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. नेहमीची औषधे वैद्यास विचारल्यावाचून बंद करू नयेत. “इतक्या तारांत झोप कशी लागणार?” अशी शंका पुष्कळांस येते, पण काही तासांची झोपही बहुधा निदानास पुरते. वेदना तर नसतातच.

चालकाची खरी भीती निराळी असते: दोष निघाला तर पोट कसे भरावयाचे? ह्या भीतीस उत्तर आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन ह्यांनी १९८१ साली, नाकावरील मुखवट्यातून किंचित दाबाने सतत हवा सोडून झोपेत घसा उघडा ठेवता येतो, हे दाखविले. तोच उपाय आज मुख्य आहे. त्याच्या जोडीस वजन घटविणे, मद्य वर्ज्य करणे, कुशीवर झोपणे आणि काहींना जबडा पुढे धरणारी कवळी ह्यांचा उपयोग होतो. उपचाराने गुंगी ओसरल्यावर वैद्याच्या संमतीने पुन्हा वाहन चालविणे पुष्कळांना शक्य होते. मात्र गुंगी येत असेल तोवर चाकामागे बसू नये. आणि शेजारच्या खाटेवरील सहकाऱ्याने रात्री जे ऐकले, ते सकाळी त्याला अवश्य सांगावे.