भातुकली मोडू नका



१९८०च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या योजनेतून आपलं चारकोप वसवलं, तेव्हा छोट्या छोट्या घरांच्या मधोमध मोकळा चौक ठेवला. आता तिथे बऱ्याच ठिकाणी स्कूटरी उभ्या असतात. तरी सुट्टीत एखाद्या कोपऱ्यात भातुकली मांडलेली दिसते. पिंपळाचं पान ही पोळी, विटेचा चुरा हे तिखट. तेवढ्यात खिडकीतून हाक येते, "खेळ पुरे, एबीसीडी काढायला बस!"

ही हाक मीही मारली आहे.

दीड-दोन वर्षांचं मूल रिकामा कप तोंडाला लावतं आणि चहा प्यायल्याचं सोंग करतं. कपात काही नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी मनात चहा असतो. एका वस्तूच्या जागी दुसरी मानायची, ही मोठीच उडी आहे. पुढे कागदावरची रेघ म्हणजे 'क', हे मानणंही त्याच जातीचं.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३३मध्ये एका व्याख्यानात सांगितलं, की खेळात मूल आपल्या वयाच्या पुढे असतं. घरीच बघा ना. एरवी बिस्किटावर झडप घालणारा मुलगा 'पेशंट' झाला आणि बिस्किट 'औषध' ठरलं, की 'डॉक्टरीणबाईं'नी दिल्याशिवाय हात लावत नाही. आपण शंभरदा सांगून जे होत नाही, ते सोंगात होतं.

त्यासाठी महागडा किचन सेट नको. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, तीही शंख-शिंपले, बिया, खडे यांवर चालली. प्लॅस्टिकची शेगडी शेगडीच राहते. पुठ्ठ्याचं खोकं सकाळी शेगडी, दुपारी रिक्षा, संध्याकाळी बोरिवली लोकल! मध्ये पडून "पोळी अशी लाटतात का?" म्हणू नका. बोलावलं तर पाहुणी होऊन जा, खोटा चहा प्या, साखर कमी आहे म्हणा.

इंजेक्शन घेऊन आलेलं मूल दिवसभर बाहुलीला सुया टोचतं. टोचू द्या. दवाखान्यात त्याला धरून ठेवलं होतं. इथे सुई त्याच्या हातात आहे.

माझी लेक चार वर्षांची असताना बाहुलीला भरवत होती. म्हणाली, "जेव मुकाट्याने, नाहीतर इथेच सोडून जाईन." शब्द माझे, आवाजही माझाच. मी लाटणं हातात धरून दारातच उभी राहिले. ते वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही. बाहुलीला मात्र पुढे आठवडाभर ऐकावं लागलं.