स्टिक घेण्याआधी टीव्हीची मागची बाजू पाहा

दिवाळीनंतर आमच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा एक अर्ज आला. एका ताईला टीव्हीला लावायची स्टिक घ्यायची होती. मुलांना यूट्यूबवरचा अभ्यास मोठ्या पडद्यावर दिसेल आणि घरच्यांना झाडीपट्टीची नाटकेही पाहता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही कर्ज मंजूर केले. स्टिक घरी आली, पण टीव्ही जुना, डब्ब्याचा. स्टिक लावायला त्याला भोकच नव्हते. दुसरी वस्तू आणून कशीबशी जोडली, तर मोबाईलचा नेट तासाभरात संपला. स्टिक फडताळात गेली, कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला. त्यात चूक आमचीही होती, कारण आम्ही फक्त किंमत विचारली, बाकी काहीच विचारले नाही. त्या वेळी काय विचारायला हवे होते, ते आज सांगतो.

आधी स्टिक म्हणजे काय ते पाहू. बोटाएवढ्या लांबीची ही वस्तू टीव्हीच्या मागे लावतात. ती इंटरनेटवरून चित्र ओढून टीव्हीवर दाखवते. तिच्यात स्वतःचे चॅनेल नसतात. नेट नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे टीव्हीची मागची बाजू पाहणे. तिथे ‘एचडीएमआय’ लिहिलेली चपटी खाच असेल तर स्टिक लागते. फक्त पिवळी, लाल, पांढरी अशी तीन गोल भोके असतील तर ती सरळ लागत नाही, मध्ये वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. टीव्ही आधीच स्मार्ट असेल आणि त्यात यूट्यूब चालत असेल, तर बहुतेक घरांना स्टिकची गरजच नाही.

दुसरे काम म्हणजे रेंज तपासणे. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या कित्येक गावांत रेंज अंगणातल्या झाडाखाली मिळते आणि टीव्ही असतो आतल्या खोलीत. म्हणून मोबाईल टीव्हीजवळ ठेवा आणि रात्री आठच्या सुमारास, सगळे नेट वापरत असतात तेव्हा, अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहा. तो अडकत असेल तर टीव्हीवरही अडकेल. महागडी स्टिक घेतली म्हणून रेंज वाढत नाही.

तिसरे काम डेटाचा हिशोब. साध्या चित्राला तासाला एक जीबीपर्यंत डेटा लागतो, स्पष्ट म्हणजे एचडी चित्राला दोन ते तीन जीबी. तुमचा रिचार्ज रोज दोन जीबीचा असेल तर एचडीवर जेमतेम तासभर पुरेल. घरात रोज दोन तास एचडी पाहिले तर महिन्याला एकशेवीस ते एकशेऐंशी जीबी जाते. तेव्हा सेटिंगमध्ये चित्राची क्वालिटी कमी करून ठेवा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबरची तार आली असेल तर घरी जोडणी मिळते का आणि महिन्याचा खर्च किती, ते विचारा. स्टिकचे पैसे एकदाच जातात, नेटचे दर महिन्याला.

चौथे काम म्हणजे वर्गणी. यूट्यूबवर पुष्कळ काही फुकट आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचे ॲप काढले, तेही पाहा. बाकी ॲपांची वर्गणी वेगळी भरावी लागते, आणि ‘फक्त मोबाईल’चा प्लॅन टीव्हीवर चालत नाही. पहिला महिना फुकट म्हणून ‘ऑटो-पे’ला होकार दिला, तर पुढे पैसे आपोआप कापले जातात. यूपीआय ॲपमध्ये जाऊन तो बंद करता येतो. ‘आयुष्यभर सगळे चॅनेल फुकट’ असे सांगून कुणी बॉक्स विकत असेल तर घेऊ नका. असला माल बहुधा चोरीच्या प्रक्षेपणाचा असतो, आणि त्यात आपल्या खात्यांचे पासवर्ड टाकणे धोक्याचे.

मग नेट नसलेल्या घराने काय करायचे? डीडी फ्री डिश आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचा रिचार्ज नाही. त्यावर सह्याद्री दिसते आणि शाळेच्या अभ्यासाच्या पीएम ई-विद्येच्या वाहिन्याही दिसतात. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सह्याद्रीवरच लागत होती, आणि ती पाहायला नेट लागत नव्हते. जोराच्या पावसात छत्रीचे चित्र जाते, पण पाऊस ओसरला की परत येते. गटाच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ दाखवायचे असतील, तर टीव्हीला यूएसबीची खाच आहे का ते पाहा. बऱ्याच टीव्हींवर पेन ड्राइव्हमधले व्हिडिओ चालतात.

सगळे जुळले आणि स्टिक घ्यायचीच असेल, तर बिल आणि वॉरंटी घ्या. तिला वीज टीव्हीच्या खाचेतून न देता सोबतच्या ॲडॉप्टरने द्या, कारण टीव्हीची वीज कमी पडली तर ती मध्येच बंद पडते. लहान मुले असतील तर पालकांचे कुलूप पहिल्याच दिवशी लावा.

आता आमच्या गटात अशा अर्जासोबत तीन गोष्टी विचारतो: टीव्हीच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर काढलेला फोटो, रात्री आठची रेंज आणि महिन्याचा नेटचा खर्च. त्या ताईंनी यंदा तेंदूपत्त्याच्या पैशातून फ्री डिश बसवली, कर्ज न काढता. स्टिक अजून फडताळातच आहे. गावात फायबर आले की काढू, असे त्या म्हणतात. तुमच्या गटात असा अर्ज आला, तर आधी त्या घरी जाऊन टीव्हीची मागची बाजू पाहून या. मगच ठरावावर सही करा.