आजीची साडी आधी ठरू द्या

कुटुंबाच्या फोटोसाठी कपडे ठरवताना सुरुवात घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाईच्या साडीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. नातवाला नवा कुर्ता घेता येतो, जावयाला शर्ट बदलता येतो. आजी मात्र तिच्या ठेवणीतल्या दोन-चार साड्यांपैकीच एक नेसणार, आणि त्यातच ती मोकळी बसणार. ज्याला निवडीला वाव कमी, त्याचं आधी ठरावं. बाकीच्यांनी त्या रंगाच्या आसपास यावं.

समजा, आजीने मोरपंखी इरकल काढली. डाळिंबी काठ, पदरावर लाल-पांढरी ‘टोप तेनी’ नक्षी. रंग इथेच मिळाले. मुलाला मोतिया कुर्ता, सुनेला काठातल्या डाळिंबीच्या जवळची पण जरा मंद छटा, नातीला फिकट मोरपंखी परकर. नातवाचा कुर्ता राखाडी असला तरी चालतो, कारण असा एखादा शांत रंग बाकीच्यांना जागा करून देतो. चौथा ठळक रंग मात्र आणू नये.

सगळ्यांनी एकच रंग घालणं सोपं असतं. बाजारात आईची साडी, वडिलांचा कुर्ता आणि मुलीचा फ्रॉक एकाच कापडाचा मिळतो. पण फोटोत माणसं खेटून बसतात. एकाच पिवळ्या कापडात एकाचा खांदा कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला ते कळत नाही, आणि नजर चेहऱ्यांऐवजी कापडावर फिरत राहते. फोटो चेहऱ्यांसाठी काढायचा असतो. कपड्यांचे रंग नात्यातले असावेत, जुळे नसावेत.

इथे एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. अनेक घरांत आजोबा गेल्यावर आजीने गडद रंग सोडलेले असतात. फोटोसाठी लाल साडी नेसण्याचा आग्रह तिला प्रेमापोटीच होतो, पण तिचं मन नसेल तर ती अवघडते आणि ते चेहऱ्यावर उतरतं. तिला गडद रंग हवासा वाटत असेल तर फारच छान. नसेल, तर तिची फिकट जांभळी साडीच फोटोचा मुख्य रंग करावी. सुनेने त्याच कुळातला गडद जांभळा नेसावा, मुलाने मोतिया घालावा. मग ती एकटी पडलेली दिसत नाही, सगळं घर तिच्या रंगातून निघालेलं दिसतं.

डोळ्यांना जे दिसतं तेच कॅमेऱ्यालाही दिसेल असं नसतं. मुंबईत 1854मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळच्या फोटोच्या काचांना निळा प्रकाश चटकन टिपता येई, लाल जवळजवळ नाहीच. ही उणीव पुढे कित्येक दशकं राहिली. जुन्या फोटोत काळंभोर दिसणारं पणजीचं लुगडं म्हणूनच प्रत्यक्षात लालभडक असू शकतं. डिजिटल कॅमेऱ्याची अडचण उलटी. भडक लाल आणि राणी रंगात त्याची लाल रंग मोजण्याची मर्यादा लवकर संपते, मग विणीचे, चुण्यांचे बारकावे पुसून कापडाचा सपाट डाग उरतो. त्यापेक्षा डाळिंबी, वांगी, गेरू हे रंग घ्यावेत. त्यांच्या घड्या दिसतात.

बारीक चौकड्या आणि बारीक रेघा टाळाव्यात. सेन्सरवरचे टिपके जाळीसारखे ओळीत असतात. कापडाच्या रेघा तितक्याच बारीक झाल्या की दोन्ही जाळ्यांतून तिसरीच, इंद्रधनुषी लाटांची नक्षी उमटते. वडिलांचा ऑफिसचा चौकडीचा शर्ट अशा वेळी दगा देतो. पांढऱ्याचंही तसंच. हल्लीच्या पांढऱ्या कापडात आणि धुण्याच्या पावडरीत चकाकी आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड देतात. असा शर्ट उन्हात हातमागाच्या मोतिया कुर्त्याशेजारी आला की बिचारा कुर्ता मळका वाटतो. तेव्हा पांढरं घालायचं असेल त्या सगळ्यांनी मोतियाच घालावा.

शिवाय कापडाचा रंग शेजारच्यावर उडतो. भडक पोपटी ड्रेसमधल्या आत्याने बाळ कडेवर घेतलं, तर बाळाची हनुवटी हिरवट होते. कोवळ्या गालांजवळ मंद रंगच हवा.

जागेचाही विचार हवा. काळ्या पाषाणाच्या देवळापुढे गडद निळा बुडून जातो, हळदी आणि डाळिंबी उठून दिसतात. कोकणात जांभ्या दगडाच्या घरापुढे विटकरी रंग भिंतीतच मिसळतो. तिथे निळा आणि मोतिया घ्यावा. पावसाळ्यात माळावर फोटो असेल तर हिरवा कपाटातच राहू द्यावा.

संक्रांतीचा फोटो हा खरा अवघड. सगळं घर काळ्यात, आणि नव्या सुनेच्या किंवा बाळाच्या अंगावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने! पांढरं सांभाळावं तर काळं मिटून जातं, काळं उजळावं तर हलव्याचा काटा दिसत नाही. काळा रंग सोडायचा नाही, पोत बदलायचे. एकीची चंद्रकळा, दुसरीचं रेशीम, पुरुषांपैकी कुणाचं खादी जाकीट. सगळ्यांना खिडकीशेजारी बसवावं. बाजूने आलेल्या उजेडात प्रत्येक काळा वेगळा दिसतो.

लहान मुलांचे नवे कपडे एकदा धुऊन घ्यावेत. खळ आणि जर टोचली की मूल रडतं, आणि मग फोटोची वेळ निघून जाते. आजोबांचा चष्मा उन्हात काळा होणारा असेल, तर बाहेर त्यांचे डोळेच हरवतात. साधा जुना चष्मा सोबत ठेवावा किंवा फोटो ओसरीच्या आत घ्यावा.

आदल्या दिवशी सगळे कपडे दिवसाच्या उजेडात पलंगावर, बसायच्या क्रमानेच शेजारी शेजारी मांडावेत आणि मोबाइलवर फोटो घेऊन तो कृष्णधवल करून पाहावा. दोन शेजारी एकाच करड्यात विरघळले, तर त्यांच्या जागा बदलाव्यात. कपडे बदलायची गरज बहुधा पडत नाही. पायांकडे मात्र कुणी पाहत नाही. पूर्ण उंचीच्या फोटोत पैठणीखाली रबरी चप्पल आणि धोतराखाली स्पोर्ट्स शूज येतात. घरात फोटो असेल तर सगळ्यांनी अनवाणी सतरंजीवर बसावं, बाहेर असेल तर कोल्हापुरी चपला आदल्या रात्रीच पुसून दाराशी काढून ठेवाव्यात.