आज्ञावलीची स्वयंचलित चाचणी

भोसरीच्या कारखान्यात भोक पाडून झाले की कारागीर त्यात प्लग गेज घालून पाहतो. ‘गो’ बाजू आत गेली व ‘नो-गो’ बाजू अडली, तरच तो भाग पुढच्या यंत्राकडे जातो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तयार होणाऱ्या वाहनांत आता लोखंडाबरोबर संगणकाची आज्ञावलीही बसविली जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाल्यावर इंजिनावर नियंत्रण ठेवणारी आज्ञावली अधिकच गुंतागुंतीची झाली. तिला गेज कोणते लावावयाचे?

आज्ञावलीचा सर्व मजकूर एका सामाईक भांडारात असतो. त्यासाठी पुष्कळ ठिकाणी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली वापरतात. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, याची नोंद तीत राहते. तलाठ्याची फेरफार नोंदवहीच म्हणावी! फेरफार प्रमाणित झाल्याखेरीज सातबारा बदलत नाही. तसाच येथे चाचणीत उतरल्याखेरीज बदल मूळ प्रतीत जात नाही.

अभियंत्याने बदल सादर करताच एक स्वतंत्र संगणक मानवी हस्तक्षेपाविना नवी प्रत तयार करतो आणि तिच्यावर शेकडो लहान चाचण्या चालवितो. एक जरी चुकली तरी बदल परत पाठविला जातो. अर्थात, चाचणीतील आकडे प्रत्यक्ष परिस्थितीचे हवेत. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन-५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. एरियन-४ साठी लिहिलेला भाग त्यात तसाच घेतला होता, पण नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन तो तपासलेला नव्हता.

उत्तर बरोबर असून भागत नाही. ते वेळेवर यावे लागते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाच्या दहाव्या भागात दोन मीटर पुढे जाते. ब्रेकची आज्ञा तेवढी उशिरा आली तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून त्याच यंत्रावर, त्याच भाराखाली, अनेकदा वेळ मोजून मधला आकडा घेतात व पूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहतात. किरकोळ फरक यंत्राच्या स्वभावानेही पडतो, म्हणून थोडी सूट ठेवावी लागते. खरा धोका या सुटीतच आहे. प्रत्येक बदलाला एक टक्का वाढ खपवून घेतली, तर २० बदलांनंतर लागणारा वेळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि एकाही चाचणीने तक्रार केलेली नसते! यास्तव तुलना केवळ कालच्या आकड्याशी न करता जुन्या, निश्चित केलेल्या आकड्याशीही करावी लागते.

घाईच्या दिवसांत अडविणारी चाचणीच काढून टाकण्याचा मोह होतो. त्यामुळे चाचणीतील बदलही त्याच नोंदवहीत चढवून दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घेण्याचा प्रघात आहे.