गाणं आहे, नाव नाही

अंधेरी-बोरिवलीकडच्या किंवा घाटकोपर-मुलुंडकडच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या की घरोघरी पहिली चर्चा माळ्यावरच्या सामानाची होते. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, तिथे माळा नसतो. मग पितळेची भांडी नातेवाइकांकडे जातात, मासिकं रद्दीत जातात आणि तळाच्या पत्र्याच्या ट्रंकेतून कॅसेट बाहेर येतात. दुकानातून आणलेल्या त्यात थोड्याच असतात. बहुतेक घरी भरलेल्या असतात. काही रेडिओवरून, काही गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांतून, तर काही मैफलीत पुढच्या रांगेत बसून, टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून.

मुलुंड पूर्वेच्या अशाच एका घरात एक निवृत्त गृहस्थ हा ठेवा संगणकावर उतरवत आहेत. भंगारवाल्याला फोन करायच्या आधी त्यांनी एक कॅसेट लावून पाहिली, आणि मग तो फोन झालाच नाही.

उतरवण्याचं काम संथ असलं तरी अवघड नाही. वर्षानुवर्षं न हललेली फीत आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून मोकळी करायची. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसायचं. काडीवर तपकिरी रंग उतरेनासा झाला की हेड स्वच्छ झालं. फितीला हेडवर दाबून धरणारा स्पंजचा चिमुकला तुकडा बऱ्याच कॅसेटमधून गळून पडलेला असतो. तो दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवावा लागतो. मग डेकच्या मागची वायर छोट्या यूएसबी डबीत, डबी संगणकात, आणि पडद्यावर ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. आवाजाची रेघ लाल पट्टीला टेकणार नाही इतकी पातळी ठेवली की बसून राहायचं. इथे घाई चालत नाही, कारण नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटंच घेते. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला साधारण १० मेगाबाइट जागा खातो, म्हणजे एक कॅसेट एक गिगाबाइटच्या जवळ जाते. फ्लॅक प्रकारात साठवली तर आवाजातलं काहीही न गमावता ती बहुधा निम्म्याच्या आसपास येते. आजच्या हार्ड डिस्कपुढे हे काहीच नाही. जागा स्वस्त झालेली असल्यामुळे मूळ प्रत एमपी३ मध्ये करून ठेवण्याचं आता काहीच कारण उरलेलं नाही. एमपी३ फोनवर ऐकण्यासाठी ठीक आहे, जपण्यासाठी नाही.

खरी मेहनत इथून पुढे सुरू होते. डिस्कवर फाइल आली, पण ती कोणाची?

कॅसेटच्या कागदावर निळ्या शाईत ‘भीमसेन, शिवाजी पार्क’ एवढंच असतं, किंवा नुसतंच ‘छान’. दुसऱ्या बाजूला तिसऱ्याच कोणाचं गाणं निघतं. अशा वेळी सर्वांत मोठा आधार असतो तो आकाशवाणीच्या निवेदकाचा. रेडिओवरून भरलेल्या कॅसेटमध्ये गायकाचं नाव, राग, तबल्याला आणि हार्मोनिअमला कोण, हे सगळं निवेदक स्वच्छ उच्चारात सांगून जातो. नवशिका माणूस पहिली कात्री चालवतो ती नेमकी त्याच्यावर. गाणं तेवढं ठेवायचं आणि बोलणं काढून टाकायचं, असं त्याला वाटतं. मुलुंडच्या घरात नियम उलटा आहे. निवेदन गाण्याला जोडलेलंच राहतं, कारण पन्नास वर्षांनी ती फाइल कोणाच्या हाती पडली तर तिची ओळख पटवणारं तिच्याजवळ दुसरं काहीही नसेल.

ध्वनिमुद्रणाच्या अगदी सुरुवातीपासून ही गरज होती. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कोणतं गाणं कोणाचं हे कळणार कसं? म्हणून गाणं संपताना गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. पुढे अनेक गायक-गायिकांच्या तबकड्यांवर अशी नावं ऐकू येतात.

तबकड्या जमवणाऱ्यांनी ही नोंदीची शिस्त मुंबईत फार आधी अंगी बाणवली. १९९० मध्ये इथे ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. तिच्या उभारणीत सुरेश चांदवणकर यांचा मोठा वाटा, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावतं, पण हे संग्राहक लेबलवरचा क्रमांक, लेबलाचा रंग, तबकडीच्या अंगावर कोरलेला क्रमांकही उतरवून ठेवतात. घरच्या संगणकावर काम करणाऱ्याने त्यांच्याकडून घ्यावं ते हेच. वस्तूवर जे जे लिहिलेलं आहे ते आधी जसंच्या तसं उतरवायचं, आणि आपला अंदाज वेगळ्या रकान्यात ठेवायचा.

नावांचा गुंता मराठी संगीतात तर फारच. शोधाच्या चौकटीत ‘वसंत’ टंकावं, तर वसंत प्रभू, वसंत पवार आणि वसंत देसाई हे तीन संगीतकार, वसंतराव देशपांडे हे गायक, वसंत बापट हे कवी आणि वसंत कानेटकर हे नाटककार असे सगळेच समोर उभे राहतात. दुसऱ्या बाजूला एकाच व्यक्तीची दोन नावं. ‘साधी माणसं’ आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ या चित्रपटांचे संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकर. गंगूबाई हंगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. पी. सावळाराम म्हणजे निवृत्तिनाथ रावजी पाटील. यावर मुलुंडच्या गृहस्थांनी काढलेला मार्ग साधा आहे. प्रत्येक व्यक्तीचं एकच नाव ठरवायचं आणि ते सगळीकडे तसंच लिहायचं. तबकडीवर किंवा कॅसेटवर छापलेलं नाव शेजारच्या रकान्यात. शिवाय तेच नाव रोमन लिपीतही एकदा, कारण नातवंडं शोधतात ती रोमनमध्ये.

संगणकाच्या सॉफ्टवेअरला मात्र ही दुनिया ठाऊक नाही. फाइलच्या पोटात नोंद ठेवण्याची सोय एमपी३ साठी १९९६ च्या सुमारास झाली. फाइलच्या शेवटी १२८ बाइटची जागा, आणि त्यात शीर्षक, कलाकार व अल्बम यांना प्रत्येकी ३० अक्षरं. देवनागरीचा विचारच नव्हता. पुढच्या आवृत्त्यांत युनिकोड आलं, संगीतकार आणि गीतकारही आले, पण बहुतेक प्लेअर आजही गाणी लावतात ती कलाकार आणि अल्बम यांच्याच आधाराने. आता ‘संगीत मानापमान’मधलं पद घ्या. १९११ चं नाटक, लेखन कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, रंगभूमीवर बालगंधर्व, आणि हातातली फाइल त्यानंतर कितीतरी वर्षांनी कोण्या गायकाने मैफलीत गायलेल्या पदाची. अल्बम कुठला लिहायचा? फ्लॅक फाइलमध्ये हवे ते रकाने स्वतः तयार करता येतात. मुलुंडच्या संगणकावर म्हणून नाटक, नाटककार, चाल, राग, ताल, स्थळ असे रकाने एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमधून भरले जातात. तीच माहिती एका तक्त्यातही असते, आणि फाइलच्या नावात फक्त क्रमांक, गायक आणि पदाचे सुरुवातीचे शब्द. नावं आटोपशीर ठेवण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. लिनक्सच्या नेहमीच्या व्यवस्थेत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना-मात्रा धरून ८५ चिन्हं झाली की नाव संपलं.

दुहेरी प्रती काढून टाकणारी सॉफ्टवेअर मिळतात. ती हुबेहूब सारख्या फायली अचूक पकडतात, पण नावावरून डिलीट करण्याचं काम त्यांच्यावर कधीही सोपवू नये. गीतरामायणाचंच पाहा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एका गीताने प्रसारित झालं, गीतं ५६. तेव्हा सुधीर फडक्यांबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे वेगवेगळे आवाज होते. नंतर घरोघरी पोचलं ते फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं. गीताचं नाव एक, चाल एक, ध्वनिमुद्रणं दोन. यातलं एक ‘जास्तीचं’ म्हणून उडवलं तर जे जातं ते परत मिळवणं कठीण.

फोटोंच्या बाबतीत फसवणूक होते ती तारखांची. १९७८ च्या मुंजीचा फोटो स्कॅन केला की फाइलला स्कॅन केल्याची तारीख चिकटते, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून मूळ तारीख गळून गेलेली असते. त्यामुळे फोल्डरच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख हाताने लिहिणंच बरं. फोल्डर आपोआप ओळीने लागतात. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला मजकूरही स्कॅन करावा. व्हीएचएस टेपची अवस्था याहून नाजूक. उपनगरातल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि तशी टेप घरच्या व्हीसीआरमध्ये घातली तर यंत्राचं हेडही जातं. हे काम जाणकारालाच द्यावं.

एवढं सगळं एकाच डिस्कवर ठेवणं म्हणजे आपणहून धोका पत्करणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कुर्ला-कलिन्याच्या तळमजल्यांवर पाणी घुसलं. एकाच खोलीतल्या दोन डिस्क अशा पाण्यात दोन्ही जातात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम इथे चोख लागू पडतो: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. मुलुंडची बाहेरची प्रत ठाण्याला बहिणीकडे असते, चौथ्या मजल्यावर. गणपतीत आणि भाऊबीजेला भेट होतेच, तेव्हा जुनी डिस्क परत येते आणि ताजी तिथे राहते. आलेल्या डिस्कवरच्या काही फायली उघडून, थोडं ऐकून मगच ती पुन्हा भरली जाते.

आणि एक फोल्डर आहे, ‘अनोळखी’ नावाचं. निवेदन नाही, कागद कोरा, आवाज मात्र मुरलेला, अशी गाणी त्यात जातात. त्यातलं एखादं मिनिट ऐंशी ओलांडलेल्या ओळखीच्या श्रोत्यांना फोनवर पाठवलं जातं. गेल्या पावसाळ्यात बोरिवलीच्या एका बाईंनी पहिल्याच आलापाला गायिकेचं नाव सांगितलं, हार्मोनिअम कोणाची तेही. त्याच दिवशी तक्त्यात दोन्ही नावं लागली, आणि ओळख कोणी पटवली त्या रकान्यात त्या बाईंचंही.