गुगलवर ‘पहिला नंबर’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२७च्या सिंहस्थाला नाशिक-त्र्यंबकेश्वरला येणारे अनेक भाविक राहण्याची सोय आधी मोबाइलवर शोधतील. हे लॉजवाल्यांना ठाऊक आहे, तसेच ‘आठवड्यात पहिल्या पानावर आणतो’ म्हणणाऱ्यांनाही. त्यांचा धंदा पुढच्या गैरसमजांवर चालतो.

गैरसमज : गुगलला जाहिरातीचे पैसे दिले की वेबसाइट वर येते.
वस्तुस्थिती : वर येते ती जाहिरात, आणि पैसे थांबले की तीही नाहीशी होते. नेहमीच्या निकालांतला क्रम विकत मिळत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे खुद्द गुगल सांगते.

गैरसमज : कीवर्ड जितके जास्त, तितका क्रम वर.
वस्तुस्थिती : पानाच्या कोडमधला कीवर्ड टॅग क्रम लावताना विचारात घेत नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले. ‘नाशिक बेस्ट हॉटेल’ वीसदा लिहिणे तर स्पॅममध्ये मोडते. त्यापेक्षा रामकुंड किती लांब, गाडी कुठे लावायची, खोलीचे भाडे किती, हे सरळ लिहा.

गैरसमज : मराठी मजकूर गुगलला कळत नाही.
वस्तुस्थिती : युनिकोडमधले मराठी गुगल व्यवस्थित वाचते. अडचण जुन्या फॉण्टची आहे. पडद्यावर ‘पैठणी’ दिसते, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरे आणि चिन्हे. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. दरपत्रकाचा नुसता फोटो टाकू नका, तीच माहिती अक्षरांतही द्या.

गैरसमज : शे-दोनशे लिंक विकत घेतल्या की काम झाले.
वस्तुस्थिती : इतर साइटवरून मिळणाऱ्या लिंकना महत्त्व आहे, गुगलची मूळ पेजरँक पद्धत त्यावरच उभी राहिली. पण एप्रिल २०१२च्या ‘पेंग्विन’ बदलापासून बनावट लिंकवाल्यांचे क्रम घसरू लागले. विकत घेतलेल्या लिंक आज अंगाशी येऊ शकतात.

गैरसमज : पहिला नंबर सगळ्यांना सारखाच दिसतो.
वस्तुस्थिती : ‘जवळचे लॉज’ असे पंचवटीत शोधले आणि सिन्नरमध्ये शोधले, तर निकाल वेगळे येतात. स्थानिक निकालांत गुगल तीन गोष्टी बघते : शोधाशी जुळणी, अंतर आणि ठिकाणाची ख्याती. त्यासाठी गुगलवरचे व्यवसायाचे प्रोफाइल मोफत उघडता येते. पत्ता, वेळा, फोटो अचूक ठेवा. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय नियमबाह्य आहेत.

राहिला प्रश्न वेळेचा. सुधारणांचा परिणाम दिसायला बहुतेकदा चार महिने ते वर्ष लागते, असे गुगलचेच सांगणे आहे. तेव्हा आठवड्याची हमी देणाऱ्याला आगाऊ रक्कम देण्याआधी ‘सर्च कन्सोल’ हे गुगलचे मोफत साधन उघडा. लोक काय शोधत तुमच्या पानावर पोचतात ते त्यात दिसते. त्या प्रश्नांची उत्तरे आधी आपल्या पानावर लिहा.