भाषेतील बाईमाणूस

भाषा ही सर्वांची सामाईक मिळकत आहे, असे आपण धरून चालतो. पण एकाच घरातील पुरुष आणि बाई ती सारख्याच हक्काने वापरतात काय, असा प्रश्न मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारला आहे. अमेरिकेतील कोआसाती या आदिवासी जमातीच्या बोलीत काही क्रियापदांची रूपे पुरुषांची निराळी आणि बायकांची निराळी असत. मेरी हास या विदुषींनी १९४४ साली ती मांडून दाखविली. आपल्याला याचे नवल वाटू नये. 'मी कामावर गेलो' आणि 'मी कामावर गेले' एवढ्यावरून दाराआडचे माणूस कोण हे मराठीतही कळतेच.

नांदेडकरांना तर या अभ्यासासाठी दूर जाण्याची गरज नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद या बाजूस मराठीच्या शेजारी तेलुगू नांदते. तेलुगूत 'तो आला' याला 'वच्चाडु' म्हणतात; पण 'ती आली' आणि 'गाडी आली' या दोहोंना एकच रूप, 'वच्चिंदि'. म्हणजे एकटी बाई व्याकरणात वस्तूंच्या रांगेत बसते. चार बायका मिळून आल्या की मात्र 'वच्चारु', म्हणजे पुरुषांच्या बरोबरीचे रूप! एकटीचा मान राखायचा झाला तरी हेच रूप चालते.

यावरून तेलुगू घरात बाईला कमी लेखतात, असे कोणी म्हणेल तर ते घाईचे होईल. मराठीने बाईला स्वतंत्र स्त्रीलिंग दिले, म्हणून मराठी बाई अधिक सुखी झाली काय? व्याकरण जुने असते, ते कोणी ठरवून केलेले नसते. खरी गोम रोजच्या वापरातील शब्दांत असते.

नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही हा आपला जुना दंडक. ते घ्यायचेच तर उखाण्यात गुंफून घ्यायचे. एरवी 'अहो', 'आमचे हे', नाहीतर पोराच्या नावाने 'अमक्याचे बाबा'. आपल्या मराठवाड्यात आणखी एक शब्द आहे, 'मालक'. गिरणीचा तोही मालक आणि घरचा तोही मालक. आम्ही कामगार चळवळीतली माणसे पहिल्या मालकाशी हुज्जत घालायला शिकलो. दुसऱ्या शब्दाकडे आमचे लक्ष फारसे गेले नाही.

सर्वांत मोठा शब्द मात्र उसाच्या फडात आहे. मराठवाड्यातून दर हंगामाला हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडी भरू लागते आणि पहाटे उठून भाकरीही तीच थापते. पण मुकादमाकडून उचल बहुधा नवरा घेतो आणि वहीत नाव त्याचेच लागते. मोजणीच्या या शब्दात बाई आहेही आणि नाहीही. तिची निम्मी मजुरी कोणी चोरीत नाही. ती वेगळी मोजलीच जात नाही. जे मोजले नाही ते मागणार कसे?

समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा १९७६ साली झाला. पण दोन मोबदल्यांची तुलना करायला आधी दोन आकडे लागतात, आणि 'कोयता' हा एकच आकडा आहे. याउलट १९७२ च्या दुष्काळी कामांवर आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखालील कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. तेथे त्यांची स्वतःची नावे हजेरीपटावर लागली. नाव लागले म्हणजे सर्व न्याय मिळाला असे नव्हे. पण भांडायला जागा झाली.

मराठीचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. 'मी' म्हटले की क्रियापद पुरुष-बाई असा भेद करते. 'आम्ही गेलो' म्हटले की तो भेद मावळतो. व्याकरणाने जोडलेले हे 'आम्ही' व्यवहारात मात्र आपोआप जुळत नाही. त्यासाठी मुकादमाच्या वहीत एका कोयत्यापुढे दोन नावे लिहिली गेली पाहिजेत. मागणी लहान दिसते, पण पुढच्या सर्व मागण्या तिच्यावर उभ्या आहेत.